खसखस

लास्नामाएच्या सातव्या मजल्यावर
आई रविवारी खसखशीचा रोल भाजायची.
काळी खसखस, दुधात शिजवलेली,
मांस वाटायच्या यंत्रातून दोनदा काढलेली.
ग्लेब बोटाने भांडं निपटून खायचा
आणि काळे झालेले दात काढून हसायचा.
घरात खसखस पिकायची तेव्हा,
दोन्ही अर्थांनी.

तो तालिनच्या बंदरात फेरीबोटींचे दोर बांधायचा.
हेलसिंकीला निघालेली माणसं वरून हात हलवत,
हा खालून हलवायचा. ओळख ना पाळख.
शुक्रवारी रोमानच्या गराजमध्ये चौघं जमत.
आधी बिअर,
मग रोमानने आणलेलं काहीतरी, कागदाच्या घडीत.
"गंमत म्हणून गं, आस्या. सोमवारी कामावर असतो ना मी?"
असायचा. खोटं कशाला बोलू.
चार वर्षं एक सोमवार चुकला नाही.

मी पाहिलं होतं.
अंधाऱ्या जिन्यातसुद्धा त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या
खसखशीच्या दाण्याएवढ्या.
मला वाटलं, थकला असेल.
मी दंतवैद्याकडे नोंदी लिहिते,
मला दात कळतात.

मग त्याने सोडलं. स्वतःहून.
पंचवीस दिवस.
आईने कॅलेंडरवर पंचवीस फुल्या मारल्या, पेन्सिलने,
दृष्ट लागू नये म्हणून अगदी फिक्या.
एवढ्या दिवसांत शरीर सवय विसरतं
आणि हात जुनंच माप घेतो,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
त्या घडीत खसखशीचं फूलसुद्धा नव्हतं म्हणे.
कुठल्यातरी तळघरात ढवळलेली भुकटी,
मिठाच्या दोन कण्या इकडे की तिकडे,
एवढाच काय तो फरक.

फेब्रुवारी. उणे एकोणीस.
तो आला आणि बुटांसकट सोफ्यावर आडवा झाला.
"लागला बाई डोळा एकदाचा," आई म्हणाली.
थोड्या वेळाने घोरू लागला.
ओलं, खोल, मध्येच अडकणारं,
नळात हवा धरावी तसं.
"अगदी बापासारखा," आई म्हणाली
आणि टीव्हीचा आवाज बंद केला.
बर्फावरच्या मुली
संगीताशिवाय गिरक्या घेत राहिल्या.
तिने त्याचे बूट काढले, हनुवटीपर्यंत पांघरूण ओढलं.
मी रोलचा शेवटचा तुकडा त्याच्यासाठी झाकून ठेवला.
मग घोरणं थांबलं.
आई कुजबुजली,
"आता कसा शांत झोपलाय."

आम्ही चहा प्यायलो.
सावकाश प्यायलो, कपाला चमचा लागू न देता.

ओठ मी पाहिले ते दिवा लावल्यावर.
जंगलातून ब्लूबेरी खाऊन आलेल्या पोरासारखे.

अ‍ॅम्ब्युलन्सवाला उर्मास गुडघ्यांवर बसून
बराच वेळ छाती दाबत होता.
सुई दिली, पुन्हा दिली.
नंतर त्याने मोडक्या रशियनमध्ये विचारलं,
"घोरत होता का?"
"हो," आई म्हणाली, "खूप छान घोरत होता."
उर्मासने हातमोजे काढले.
एकेक बोट सोडवत, खूप वेळ लावून.

आता मंगळवारी मी त्या पिवळ्या बसमध्ये बसते,
बाजारामागे उभी असते ती.
येईल त्याला नाकात मारायचा फवारा देते आणि सांगते:
घोरणं म्हणजे झोप नव्हे.
हाक मारा, नाव घेऊन. हलवा.
मुठीने छातीचं हाड घासा, दुखेल एवढं.
उठला नाही तर फवारा, फोन, तोंडाने श्वास.
एकट्याला झोपू देऊ नका.
तिमूर नावाचा पोरगा मागून ओरडतो,
"माझा आजोबा रोज घोरतो, त्यालाही घासू का?"
आणि त्या थंड बसमध्ये
क्षणभर खसखस पिकते.
मीही हसते. दात दाखवून.

घरी यंत्र धुऊन माळ्यावर ठेवलंय.
आई टीव्ही मोठ्याने लावूनच झोपते.
रात्री ती घोरू लागली की मी उठते,
घड्याळ घेऊन तिच्या उशाशी बसते.
मिनिटाला चौदा.
पुन्हा मोजते.